चाकांवरच्या घराची बॅटरी

घर म्हटलें कीं तें एका जागीं पक्क्या पायावर उभें असावयाचें, अशी आपल्याकडील समजूत. आणि बिऱ्हाड हलवावयाचें म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम भांड्यांचीं पोतीं आणि वळकट्या उभ्या राहतात. अमेरिकेंत मात्र सबंध घरच मोटारीच्या मागें जोडून फिरावयास निघण्याची चाल फार दिवसांपासून रूढ आहे. या घरास तेथें ट्रेलर म्हणतात. त्याला स्वतःचें इंजिन नसतें. पुढची मोटार ओढील तिकडे तें जातें. आंत निजण्याची जागा, ओटा, शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, पाण्याची टांकी अशी सर्व सोय असते. १९३६ सालीं वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कारखान्यानें ‘क्लिपर’ नांवाचा अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत ट्रेलर बाजारांत आणला. त्यांत विजेचे दिवे आणि पाण्याचा स्वतंत्र सांठा होता. आज इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट हें गांव या धंद्याचें माहेरघर समजलें जातें.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें, सुना, जांवई, नातवंडें तिकडे स्थायिक झालेलीं आहेत. उन्हाळ्यांत वडील मंडळी त्यांच्याकडे गेली म्हणजे भाड्याचा अगर स्वतःचा ट्रेलर जोडून राष्ट्रीय उद्यानें पाहण्याचा बेत पुष्कळ घरीं ठरतो. बाहेरच्या अन्नावर अवलंबून न राहतां पिठलेंभात कां होईना, पण घरच्या हातचें गरम जेवण मिळतें, म्हणून वडील माणसांना हा प्रकार विशेष मानवतो. परंतु या फिरत्या घराचा सारा संसार ज्या एका काळ्या पेटीवर चालतो, तिच्याविषयीं घरांतील कोणालाच धड माहिती नसते. ती पेटी म्हणजे बॅटरी.

छावणीच्या जागीं विजेचा खांब असला तर प्रश्नच नाहीं. ट्रेलरची जाड केबल तेथें जोडली कीं झालें. पण राष्ट्रीय उद्यानांतील पुष्कळ छावण्यांत असा खांब नसतो, आणि खरी रमणीय स्थळें तर त्याहूनही दूर असतात. तेथें दिवे, पाण्याचा पंप, गॅस गळल्याची सूचना देणारें यंत्र, शीतपेटीचें नियंत्रण, हीं सर्व बारा व्होल्टांच्या बॅटरीवर चालतात. इतकेंच नव्हे, तर फर्नेस, म्हणजे गॅस जाळून हवा तापविणारी भट्टी, हीसुद्धां बॅटरीवांचून निकामी असते. ती जाळते गॅस, पण ऊब खोलीभर खेळविणारा पंखा विजेवर फिरतो. आणि पंख्याला पुरेसा वेग आला नाहीं तर भट्टी पेटूंच नये, अशी सुरक्षिततेची योजना तिच्यांत केलेली असते. याखेरीज, धांवतां धांवतां ट्रेलर मोटारीपासून निसटलाच, तर त्याचे ब्रेक आपोआप आवळणारी जी योजना असते, तिलाही वीज याच बॅटरींतून मिळते. तेव्हां बॅटरी मेली म्हणजे केवळ दिवे गेले, असें समजून स्वस्थ बसण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब सप्टेंबरच्या अखेरीस रॉकी पर्वतांत आठ हजार फुटांवरील एका छावणींत उतरलें होतें. बरोबर सत्तरी उलटलेल्या आजी आणि दोन लहान मुलें. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास पंख्याचा आवाज मंदावला, भट्टी दोनतीनदां कटकटली आणि थंड पडली. गॅसच्या दोन्ही टांक्या भरलेल्या होत्या! बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी. मंडळींनीं होतीं नव्हतीं तीं सर्व पांघरुणें आजींच्या आणि मुलांच्या अंगावर घातलीं आणि उजाडण्याची वाट पाहिली. ही बॅटरी जुनी होती काय? मुळींच नाहीं. तीन वर्षांत घेतलेली ती दुसरी बॅटरी होती. गांवांत उतरल्यावर दुकानदारानें तशीच तिसरी पुढें केली, आणि ‘बॅटऱ्या म्हणजे अशाच असावयाच्या’ असें वर समाधानही केलें.

हें समाधान खरें नव्हे. सर्वसाधारणपणें बॅटरी आपल्या मरणानें मरत नाहीं. तिला उपाशी ठेवून मारलेली असते. म्हणून बदली बॅटरी घ्यावयाची वेळ आली कीं दुकानांत कोणती पेटी स्वस्त आहे हें पाहण्याच्या आधीं दोन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीं: आपला रोजचा खर्च किती, आणि खर्चलेलें तिला परत कोण व कसें भरून देतें?

खर्च मोजण्याचें माप अँपिअर-तास हें होय. एक अँपिअरचा प्रवाह एक तास चालला म्हणजे एक अँपिअर-तास खर्च झाला. भट्टीचा पंखा सुमारें सात अँपिअर ओढतो. थंडीच्या रात्रींत दहा तासांपैकीं निम्मा वेळ तो फिरला, तर पस्तीस अँपिअर-तास गेले. आजकालच्या एल.ई.डी. दिव्यांना संध्याकाळभरांत आठ पुरतात, पंपाला दोन, शीतपेटी गॅसवर चालत असली तरी तिच्या नियंत्रणाला दिवसरात्र मिळून बारा, सूचनायंत्राला तीन, फोन भरणें आणि किरकोळ पंखा मिळून आठ. बेरीज अडुसष्ट झाली. शीतपेटी गॅसवर न चालतां विजेच्या काँप्रेसरवर चालणारी असेल, तर यांत आणखी पन्नासांची भर घालावी लागते.

आतां जमेची बाजू पाहूं. नव्या ट्रेलरबरोबर विक्रेता जी बॅटरी देतो, ती बहुधा ऐंशी अँपिअर-तासांच्या आसपासची असते, आणि शिशाच्या बॅटरीचा नियम असा कीं तिची निम्मीच पुंजी खर्चावी. त्याखालीं वरचेवर गेल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणजे हातांत चाळीस, आणि रोजचा खर्च अडुसष्ट. वरील कुटुंबाची भट्टी दोन वाजतां कां थांबली, हें सांगावयास ज्योतिषी नको.

बॅटऱ्यांच्या जाती समजून घेण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून, पुन्हां पुन्हां भरतां येईल असा पहिला विद्युत्संचय तयार केला. १८८१ सालीं कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ति काढली, आणि मग ही वस्तु कारखान्यांतून निघूं लागली. आजची शिशाची बॅटरी हिचीच वंशज आहे. तिचे सहा कप्पे असतात. प्रत्येकांत दोन व्होल्टांहून किंचित् अधिक दाब, म्हणून एकूण बारा. परंतु मोटार सुरू करणाऱ्या बॅटरींत पुष्कळ पातळ पत्रे असतात, कारण तिला क्षणभर प्रचंड प्रवाह द्यावयाचा असतो. ट्रेलरला हवी असते ती जाड पत्र्यांची, सावकाश आणि खोलवर खर्च सोसणारी बॅटरी. दुकानांत ‘मरीन’ अशी चिठ्ठी लावलेली जी बॅटरी मिळते ती पुष्कळदां या दोहोंची मिसळ असते, आणि मिसळ ताटांत चांगली लागली तरी येथें उपयोगी पडत नाहीं.

शिशांतच राहावयाचें असेल तर आमच्या मतें गोल्फच्या मैदानावरील गाड्यांसाठीं बनविलेल्या सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या घेणें सर्वांत शहाणपणाचें. एकीचें धन टोंक दुसरीच्या ऋण टोंकास जोडलें कीं बारा व्होल्ट होतात. त्यांचे पत्रे जाड असतात, आणि जोडीची पुंजी दोनशेंवीस अँपिअर-तासांच्या आसपास भरते. त्यांपैकीं एकशेंदहा निर्धास्तपणें वापरावे. वजन मात्र एकेकीचें अठ्ठावीस किलोंच्या घरांत, म्हणून उचलतांना दोघांनीं हात लावावा. बारा व्होल्टांच्याच दोन घेऊन समांतर जोडावयाच्या असतील, तर त्या एकाच जातीच्या, एकाच वयाच्या असाव्यात. जुनीच्या जोडीला नवी दिली म्हणजे जुनी नवीला आपल्या वयाला आणून सोडते.

दुसरी जात ए.जी.एम. या नांवाची. हिच्यांतील आम्ल कांचेच्या तंतूंच्या गादींत मुरवलेलें असतें. तें सांडत नाहीं, पाणी घालावें लागत नाहीं, आणि भरणही जरा लवकर होतें. किंमत जास्त. ज्यांच्या हातून पाणी घालण्याची आठवण राहणार नाहीं, त्यांनीं ही खुशाल घ्यावी.

तिसरी जात लिथियमची. अधिक नेमकें सांगावयाचें तर लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांची. टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ यांच्या हाताखालीं १९९० नंतरच्या दशकांत या पदार्थाचा शोध लागला. लिथियम बॅटऱ्यांवरील एकंदर कार्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. शंभर अँपिअर-तासांची ही पेटी बारातेरा किलोंचीच असते, तिच्यांतील ऐंशी-नव्वद अँपिअर-तास बिनदिक्कत खर्चतां येतात, आणि शिशाची बॅटरी जेथें कांहीं शेंकडे फेरे टिकते तेथें ही दोन हजारांच्या पुढें जाते. पहिला खर्च जड वाटतो. ज्यांचा ट्रेलर महिनोन् महिने रस्त्यावर असतो त्यांना तो परवडतो. वर्षांतून दोन शनिवार-रविवार, तेही विजेच्या खांबाशेजारीं काढणाऱ्यांना त्याची कांहीं गरज नाहीं.

येथवर निवडीची गोष्ट झाली. परंतु आमच्या ओळखीच्या त्या कुटुंबाची खरी अडचण निवडींत अर्धीच होती. उरलेली अर्धी भरणांत होती.

आपल्या घरच्या इन्व्हर्टरचें मुख्य काम बॅटरीच्या विजेपासून घरांतील दिव्यापंख्यांना चालणारी वीज करणें, हें सर्वांना ठाऊक आहे. ट्रेलरमध्यें याच्या नेमकें उलट काम करणारें यंत्र असतें. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. खांबावरची एकशेंवीस व्होल्टांची वीज घेऊन तें बारा व्होल्टांची उपकरणें चालवितें आणि बॅटरीही भरतें. जुने कन्व्हर्टर एकाच दाबानें, सुमारें १३.६ व्होल्टांनीं, सदासर्वकाळ वीज ढकलीत राहतात. शिशाची बॅटरी पुरती भरावयास सुमारें १४.४ व्होल्टांचा दाब कांहीं तास तरी मिळावा लागतो. १३.६ वर ती दिवसचे दिवस जोडून ठेवली तर कशीबशी भरेल. दोन दिवसांच्या मुक्कामांत भरणार नाहीं. वरवर पाहणाराला सर्व ठीक दिसतें, दिवे लागतात, पंप फिरतो. बॅटरी मात्र प्रत्येक फेऱ्यास थोडी अर्धपोटीं राहते.

अर्धपोटीं राहण्यानें होतें काय? बॅटरी खर्च होतांना पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. भरतांना तें पुन्हां विरघळतें. ताजें असतां तें मऊ असतें, सहज विरतें. तसेंच आठवडेच्या आठवडे राहूं दिलें तर त्याचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग तेवढा पत्रा कायमचा निकामी होतो. वैरण निम्मी घालून दूध पुरतें मागणाऱ्या गवळ्याच्या गाईची जी अवस्था, तीच या बॅटरीची.

म्हणून चांगला भरणयंत्रकार भरण तीन टप्प्यांत करतो. पहिल्यांत, दाब चढत जाऊन १४.४ च्या आसपास पोंचेपर्यंत, जितका देतां येईल तितका प्रवाह देतो. यांत बॅटरी चारपंचमांश भरते. दुसऱ्यांत दाब तेथेंच रोखून धरतो, आणि बॅटरी आपल्या गतीनें प्रवाह कमी कमी घेत जाते. हा शेवटला पंचमांश भरण्यास तीनचार तास किंवा अधिकही लागतात, आणि घाई करून उपयोग होत नाहीं. तिसऱ्यांत दाब १३.५ च्या आसपास उतरवून नुसती राखण करतो. थंडींत दाब थोडा वाढवावा लागतो, उन्हाळ्यांत कमी करावा लागतो. पंचवीस अंश उष्णतेला जो दाब योग्य, त्याहून दहा अंशांच्या हवेंत सुमारें ०.३ व्होल्ट अधिक हवा. चांगल्या यंत्रांत उष्णतामापक तार असते, ती हें काम आपण होऊन करते. प्रवाहाचें मान शिशाच्या बॅटरीस तिच्या पुंजीच्या दहा ते वीस टक्के ठेवावें, म्हणजे दोनशेंवीसच्या जोडीला बावीस ते चव्वेचाळीस अँपिअर.

पुढच्या मोटारीकडून बॅटरी भरून निघेल ही आशा मात्र बाळगूं नये. मोटार आणि ट्रेलर यांमधील सात कांट्यांच्या जोडणींतून जाणारी तार लांब आणि बारीक असते. तींत दाब गळतो, आणि शेवटीं पांचदहा अँपिअर हातीं लागले तरी पुष्कळ. चार तासांच्या प्रवासांत वीस ते चाळीस अँपिअर-तास मिळाले, तर तेवढेंच समाधान. सूर्यपट्टीचा प्रकार निराळा. शंभर वॅटची एक पट्टी भर दुपारीं पांचसहा अँपिअर देते, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशीं तीसएक अँपिअर-तास जमा करते. प्रवाह थोडा असला तरी तो दिवसभर टिकून राहतो, आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या टप्प्यास हेंच हवें असतें. म्हणून अनुभवी लोक सकाळीं तास-दोन तास जनरेटर चालवून पहिला टप्पा उरकतात आणि उरलेलें काम सूर्यावर सोंपवतात. छावण्यांत जनरेटरला ठराविक तासच परवानगी असते, आणि शेजाऱ्यांच्या झोंपेचाही प्रश्न असतोच.

आमच्या परिचितांनीं पुढें तीन टप्प्यांचा कन्व्हर्टर बसविला, त्याच आठवड्यांत तिसऱ्या बॅटरीला तशीच नवी जोड दिली, आणि छपरावर दोन सूर्यपट्ट्या घातल्या. ती जोडी त्यानंतर चार वर्षें चालली.

लिथियमच्या बाबतींत भरणाचे नियम निराळे आहेत, आणि ‘जुनी काढा, ही बसवा, झालें’ असें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. पेटीचा आकार सारखा असला म्हणून भरणयंत्र सारखें चालतेंच असें नाहीं. हिला १४.२ ते १४.६ व्होल्ट हवेत. शिशाच्या बॅटरीचें सल्फेट झाडण्यासाठीं कांहीं यंत्रें मधूनमधून पंधरा व्होल्टांच्या वर जातात. तो प्रकार येथें बंद केलेला असावा. उलट ही बॅटरी प्रवाह इतका भराभर ओढते कीं जाड तारेनें सरळ मोटारीच्या अल्टरनेटरला जोडल्यास तोच तापून जळण्याची भीति. मध्यें प्रवाह आंवरणारें डी.सी. भरणयंत्र घालावें. सर्वांत मोठी गोष्ट थंडीची. शून्य अंशांखालीं लिथियमची बॅटरी वीज देते, पण भरूं मात्र नये. भरल्यास आंत लिथियम धातूचा थर बसून ती कायमची बिघडते. पेटींतील रक्षकयंत्र चांगलें असेल तर तें भरण तोडतें, परंतु तें असतें कीं नाहीं हें विकत घेण्यापूर्वींच विचारून घ्यावें. हिच्यांतून वायु निघत नसल्यामुळें ती ट्रेलरच्या आंत, उबेंत ठेवतां येते, ही त्यांतल्या त्यांत सोय.

शिशाची बॅटरी आंत ठेवूं नये. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन निघतो, आणि हवेंत त्याचें प्रमाण चार टक्क्यांवर गेलें कीं ठिणगीनें स्फोट होतो. म्हणून ती पुढल्या दांड्यावर, हवा खेळणाऱ्या पेटींत असते. ती काढतांना ऋण तार आधीं सोडावी आणि बसवितांना ती शेवटीं जोडावी. येथें एक सांपळा आहे. मोटारींत काळी तार ऋण असते, हें आपल्याला पाठ झालेलें असतें. पुष्कळ ट्रेलरांत मात्र काळी तार धन आणि पांढरी ऋण असते. रंगावर विसंबून उलटी जोडणी झाली कीं कन्व्हर्टरमधील संरक्षक फ्यूज तत्काळ जळतात, आणि मग नवी कोरी बॅटरी ‘भरतच नाहीं’ म्हणून दुकानदाराशीं तंटा सुरू होतो. जुनी काढण्यापूर्वीं फोनवर एक छायाचित्र घेऊन ठेवावें, म्हणजे वाद राहत नाहीं.

परीक्षेसाठीं साधा व्होल्टमापक पुरे. बॅटरी कांहीं तास निवांत ठेवून मोजावी: १२.६ ते १२.७ आलें तर भरलेली, १२.१ ला निम्मी, ११.८ च्या खालीं गेली तर जवळजवळ तळ गांठलेली. पाण्याच्या बॅटरींत आम्लाची घनता मोजणारी कांचेची पिचकारी त्याहून अधिक खरें सांगते. भरलेली असतां आंकडा १.२६५ च्या पुढें असतो, आणि एखाद्या कप्प्याचा आंकडा इतरांहून बराच खालीं असेल तर ती बॅटरी गेली असें समजावें. लिथियमला हे माप लागू नाहींत. तिचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, म्हणून येणाजाणाऱ्या प्रवाहाचा हिशेब ठेवणारा मापक लावावा.

हिंवाळ्यांत ट्रेलर अंगणांत उभा करून ठेवतांना मुख्य स्विच बंद करण्यास विसरूं नये. सूचनायंत्र, रेडिओची स्मृति आणि किरकोळ नियंत्रणें मिळून अर्धा अँपिअरही ओढीत नाहींत, पण त्या हिशेबानें दिवसाला नऊदहा अँपिअर-तास जातात आणि दहाबारा दिवसांत बॅटरी रिकामी होते. रिकाम्या शिशाच्या बॅटरींतील द्रव जवळजवळ पाणीच असल्यामुळें तो उणे सातआठ अंशांलाच गोठतो आणि पेटी फुटते. पूर्ण भरलेल्या बॅटरींतील आम्ल उणे पन्नास अंशांतही गोठत नाहीं. लिथियमची पेटी मात्र निम्मी भरून, तारा सोडून ठेवावी.

हें सर्व वाचून, ‘आम्हांला कुठें अमेरिकेंत ट्रेलर जोडावयाचा आहे?’ असें कोणी म्हणतील. परंतु २००५ च्या सुमारास महाराष्ट्रांत भारनियमनाचा जो कहर झाला, त्या दिवसांत आपल्या कितीतरी घरांत जिन्याखालीं जी दीडशें अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी येऊन बसली, तीही याच कुळांतील, खोल खर्च सोसणारी शिशाची बॅटरी होय. तिला डिस्टिल्ड पाणीच घालावें, तें भरण पुरें झाल्यावर घालावें, आणि पत्रे उघडे पडूं देऊं नयेत; नळाचें किंवा विहिरीचें पाणी, कितीही गोड लागलें तरी, तिला चालत नाहीं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यांत ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलींत ठेवणें म्हणजे तिचें आयुष्य आपल्या हातानें कापणें, कारण साधारण दहा अंश उष्णता वाढली कीं आयुष्य निम्म्यावर येतें, असा या धंद्यांतील ठोकताळा आहे. देवघर किंवा स्वयंपाकघर यांना लागून, जेथें निरांजन अगर शेगडी पेटते, अशा बंद कोनाड्यांतही ती ठेवूं नये. कारण वर सांगितलाच आहे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला मात्र देऊं नये. शिसें विषारी आहे, विशेषतः लहान मुलांना, आणि परसांत आम्ल ओतून पत्रे वितळविण्याचा धंदा करणारे अजून आढळतात. भारतांत २०२२ च्या नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांतील धातु पुन्हां उपयोगांत आणविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां नवी घेतांना जुनी अधिकृत विक्रेत्याकडेच सोंपवावी. अमेरिकेंत नव्या बॅटरीबरोबर कांहीं डॉलर अनामत घेतात आणि जुनी आणून दिली कीं तें परत देतात. ट्रेलरवाल्यानें ती पावती हरवूं नये.